निपाणीचा ट्रक आणि समुद्रातला वारा

बेंगळुरूहून बेळगावला आपल्यापैकी अनेकजण वर्षातून दोन-तीनदा तरी जातात. बहुतेकांचा प्रवास रात्रीच्या बसने किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने होतो, त्यामुळे वाटेतलं काहीच दिसत नाही. गेल्या जुलैत आम्ही मुद्दाम दिवसा, गाडीने निघालो. चित्रदुर्गाजवळ डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या आणि मागे बसलेल्या मुलीने मोजायला सुरुवात केली. साठाच्या पुढे कुठेतरी तिचा आकडा चुकला आणि तिने नाद सोडला.

माझ्या डोक्यात मात्र त्याच पवनचक्क्यांचा वेगळा हिशोब चालू होता. त्याचं कारण निपाणीचा माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा. त्याचे दोन ट्रक आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कास्टिंग भरायचं आणि पुण्याला पोचवायचं, हा त्याचा मुख्य धंदा. परतीला जे मिळेल ते. २०२२ साली त्याला जुना ट्रक काढून नवा घ्यायचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले होते, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनची बस लोकांसमोर आली. दादाने फोनवर सल्ला विचारला. मी बीई मेकॅनिकल, पोट सॉफ्टवेअरवर, आणि बातम्या वाचून भारावलेला. मी म्हणालो, "दादा, दोन वर्षं थांब. डिझेल संपलं म्हणून समज. आता हायड्रोजन येतोय."

तो थांबला. दोन नाही, तीन वर्षं थांबला. मधल्या काळात जुन्या ट्रकचं इंजिन एकदा आणि गिअरबॉक्स दोनदा उतरवावा लागला. वेळेवर गाडी लागत नाही म्हणून एक नेहमीचं काम दुसऱ्याकडे गेलं. हे त्याने मला कधीच सुनावलं नाही, आत्याकडून कळलं. जूनमध्ये त्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून थांबलो. आता बँकवाला मागं लागलाय. अजून किती थांबू, ते तेवढं आकड्यात सांग."

आकड्यात सांगायचं तर आधी नीट शिकायला हवं. तो महिना मी त्यातच घालवला.

धारवाडहून आम्ही सौंदत्तीकडे वळलो. यल्लम्मा आमची कुळदेवी, त्यामुळे ते वळण ठरलेलंच. डोंगरावर वारा असा होता की आईची पिशवी हातातून उडाली. आसपासच्या माळांवर पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. कर्नाटकातल्या या पट्ट्यात वाऱ्याची खरी कमाई जून ते सप्टेंबर. हिवाळ्यात याच पवनचक्क्या तासन्‌तास आळसावलेल्या दिसतात. म्हणजे वीज हवी तेव्हा नाही आणि नको तेव्हा ढीगभर, अशी गत. मग ती साठवायची कशी?

एक उत्तर तिथूनच दिसतं. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाचा जलाशय, रेणुकासागर. त्याचंच पाणी वापरून सौंदत्तीजवळ ग्रीनको कंपनीचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प उभा राहतो आहे. वीज जास्त झाली की पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचं, कमी पडली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. दुसरं उत्तर म्हणजे हायड्रोजन. विजेने पाण्याचे दोन भाग करायचे, ऑक्सिजन सोडून द्यायचा, हायड्रोजन टाकीत भरायचा. आपण दहावीच्या प्रयोगशाळेत केलं होतं तेच, फक्त उपकरण मोठं आणि त्याचं नाव इलेक्ट्रोलायझर. वीज वाऱ्याची किंवा सूर्याची असेल तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. आज आपल्या देशात खतकारखान्यांत आणि तेलशुद्धीकरणात जो हायड्रोजन वापरला जातो तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूपासून बनतो आणि बनताना भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतो.

सौंदत्ती तालुक्यातच गुर्लहोसूर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं हे जन्मगाव. त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे तिथेच लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकायला फार वेळ लागला. १९१० च्या सुमारास बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ते सगळ्यांना माहीत आहे. मला मजा वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गडकरी ज्या मिराईतून संसदेत गेले, ती भारतात चाचणीला आणली टोयोटा किर्लोस्कर मोटरने. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवर कुंदा घ्यायला थांबलो तेव्हा हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दादांना हे सांगू नका, परत थांबतील."

उद्यमबागेत माझं कॉलेज. शेजारीच फाउंड्र्या. कॉलेजचा एक मित्र अजून तिथेच आहे, त्याच्याकडे चहाला गेलो. हायड्रोजन म्हटल्यावर तो हसलाच. ओतकाम करणाऱ्यांना हायड्रोजन म्हणजे शत्रू. वितळलेल्या धातूत तो विरघळतो, धातू थंड होताना बाहेर पडायला बघतो आणि कास्टिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो. पिनहोल म्हणतात त्याला, अख्खा माल परत येतो. गोठलेल्या पोलादातही तो शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. सगळ्यात लहान रेणू, त्यामुळे साध्या जोडातून निसटतो. जळाला तर ज्योत दिवसा दिसत नाही. मित्र म्हणाला, "एवढा नाठाळ वायू तू आमच्याच कास्टिंगच्या ट्रकमध्ये भरणार?" टाक्या कार्बन फायबरच्या असतात, सेन्सर असतात, हे मी सांगितलं. पण त्याचा मुद्दा बरोबर होता. ही गोष्ट रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी नाही.

बेळगाव-निपाणी रस्ता पावसात अप्रतिम. काकती, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट आणि स्तवनिधी. भरलेले ट्रक घाटात मुंगीच्या गतीने चढत होते. या रस्त्याला निपाणीकरांच्या आठवणीत वेगळी जागा आहे. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला होता. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. आत्या तेव्हा नवी सून होती. रस्त्यावर भाकरी नेऊन दिल्याचं ती अजून सांगते.

दादाचं घर बायपासपासून जवळ. पुढे कोगनोळी, मग दूधगंगा ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र. या टप्प्यातले पेट्रोलपंप हा एक वेगळाच विषय आहे. मध्यंतरी कर्नाटकात डिझेल लिटरला पाच-सहा रुपयांनी स्वस्त होतं. तेव्हा कोल्हापूरचे लोक टाकी भरायला इकडे यायचे, पंपावर तसे मोठे फलक असायचे. २०२४ मध्ये कर्नाटकाने कर वाढवला आणि तो फरक बराच कमी झाला. सांगायचा मुद्दा असा की इंधनाचा भाव कसा ठरतो, हे इथल्या ट्रकवाल्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

जेवण झालं, तांबडा-पांढरा झाला, आणि दादाने खिशातून एक कोरी बिल्टी काढून पाठकोरी बाजू माझ्यापुढे सरकवली. "हं. लिही."

मी पहिल्यांदा एक पवनचक्की लिहिली. दोन मेगावॅटची, आपल्या माळावर असते तशी. वारा कधी असतो, कधी नसतो, म्हणून वर्षाची सरासरी काढली तर ती आपल्या ताकदीच्या साधारण पाव भाग वीज देते. दिवसाला १२,००० युनिट.

एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट लागतात. तो दाबून टाकीत भरायला आणखी चार-पाच. धरू साठ. म्हणजे एका पवनचक्कीचा दिवसाला २०० किलो हायड्रोजन.

"दाबून म्हणजे किती?" दादाने विचारलं. त्याच्या ट्रकच्या टायरात ११० पौंडांच्या आसपास हवा असते. हायड्रोजन ट्रकच्या टाकीत ३५० बार, म्हणजे पाच हजार पौंड. दादाने फक्त भुवया उंचावल्या.

जड ट्रकला शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो हायड्रोजन लागतो. बेळगाव-पुणे ३४० किलोमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण तीस किलो. २०० भागिले ३०. एक पवनचक्की दिवसाला सहा-सात ट्रक पुण्याला पोचवेल. दादाला हे आवडलं. "एक पवनचक्की घेतली तर माझे दोन्ही ट्रक फुकटात?" म्हणाला.

मग मी त्याच कागदावर दुसरा हिशोब केला. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर? इलेक्ट्रिक जड ट्रक किलोमीटरला दीड युनिट धरला, चार्जिंगमधली गळती धरली, तर पुण्याची एक फेरी ६०० युनिटांत होते. १२,००० भागिले ६००. वीस ट्रक.

आत्याचे यजमान, म्हणजे मामा, इतका वेळ बातम्या बघत होते. त्यांनी आवाज कमी केला. "तीच वीज, तोच रस्ता, मग सहा का वीस?" हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. हायड्रोजनच्या वाटेवर ऊर्जा दोनदा रूप बदलते. विजेचा वायू करताना एकदा गळते, दाबताना गळते, आणि ट्रकमधल्या फ्युएल सेलमध्ये वायूची परत वीज करताना जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते. फ्युएल सेलच्या ट्रकलाही शेवटी विजेचीच मोटर असते. शंभर युनिट टाकले तर चाकापर्यंत तीसही पोचत नाहीत. बॅटरीत पंच्याहत्तरच्या पुढे पोचतात. उसाचा रस काढून, त्याची साखर करून, साखर पाण्यात विरघळवून परत रस म्हणून प्यायचा, असा काहीसा प्रकार. हे मामांना लगेच पटलं, त्यांनी आयुष्य साखर कारखान्यात काढलंय.

"मग बॅटरीचा घेतो," दादा म्हणाला. इथे मात्र हायड्रोजनवाल्यांचं म्हणणं खरं आहे. ५०० युनिटांची बॅटरी म्हणजे तीन टनांच्या आसपास वजन. तेवढं कास्टिंग कमी भरावं लागेल, आणि दादाचं भाडं टनावर. तवंदी आणि खंबाटकी चढताना ते तीन टन ओढायचेही. हायड्रोजन तीस किलो आणि त्याच्या टाक्यांचं वजन पाच-सहाशे किलो. भरायला वेळ डिझेलपेक्षा थोडा जास्त, पण तासन्‌तास नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या जड ट्रकसाठी हायड्रोजनचा विचार होतो. मोटारीसाठी तो हिशोब बसत नाही असं माझं आता स्पष्ट मत आहे, मिराई कितीही देखणी असली तरी.

पाण्याचंही विचारलं गेलं. एका किलोला नऊ लिटर शुद्ध पाणी. शुद्ध करताना वाया जाणारं आणि थंड करायचं धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. २०० किलोला फार तर पाच-सहा हजार लिटर. मामा हसले. एक एकर उसाला एका पाळीला दोन लाख लिटर सहज लागतं.

मग वहिनींनी सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की समुद्रात पवनचक्क्या लावून त्यांच्यावर हायड्रोजन करणार आहेत. "वारा आपल्या माळावर आहे, मग समुद्रात कशाला जायचं?"

कारण समुद्रावरचा वारा जास्त जोरकस आणि जास्त वेळ टिकणारा. तिथे पंधरा मेगावॅटची एकेक पवनचक्की उभी करता येते आणि चांगल्या जागी ती सरासरी चाळीस-पंचेचाळीस टक्के ताकदीने चालते. वरचंच गणित केलं तर अशी एक पवनचक्की दिवसाला २,७०० किलो हायड्रोजन देईल, म्हणजे बेळगाव-पुण्याच्या नव्वद फेऱ्या. पण ती वीज किनाऱ्यावर आणायची तर समुद्रतळातून केबल टाकावी लागते आणि ती भयंकर महाग. म्हणून काहींनी ठरवलं, हायड्रोजन समुद्रातच बनवू आणि नळाने आणू. यातलं समुद्रात बनवण्याचं काम फ्रान्सच्या ल्हाइफ कंपनीने करून पाहिलं. ल क्रोआझिकच्या किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर, तरंगणाऱ्या पवनचक्कीजवळ त्यांनी एका तरंगत्या फलाटावर एक मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर बसवला. नाव सीलहाइफ. जून २०२३ मध्ये तिथे पहिला हायड्रोजन तयार झाला. समुद्राचं पाणी आधी गोडं करायचं, लाटांवर डोलणाऱ्या फलाटावर यंत्र चालवायचं, मिठाच्या हवेत ते टिकवायचं, हे सगळं जमतं एवढं त्यातून कळलं. दिवसाला जास्तीत जास्त चारशे किलोची ती सोय होती. दादाच्या तेरा फेऱ्या.

आणि आपल्याकडे? भारताच्या समुद्रात अजून एकही पवनचक्की वीज देत नाही. चांगला वारा गुजरातच्या आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ आहे, आपल्या कोकण-गोव्याच्या समोर तेवढा नाही. केंद्राने २०२४ मध्ये या दोन राज्यांत मिळून एक हजार मेगावॅटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. कंपन्या मात्र अजून बिचकतात. म्हणजे समुद्रातल्या वाऱ्यावर चाललेला ट्रक निपाणीत दिसायला आधी पवनचक्की, मग इलेक्ट्रोलायझर, मग नळ किंवा टँकर, मग पंप, इतकं सगळं व्हायला हवं. सौंदत्तीचा वारा काही तासांच्या अंतरावर आहे. इथे हायड्रोजन झालाच तर तो माळावरच्या विजेवर आधी होईल, असं मी वहिनींना सांगितलं. त्यातही अडचण आहेच. महागडा इलेक्ट्रोलायझर चार महिने पावसाळ्यात पळणार आणि हिवाळ्यात बसून राहणार, म्हणून सोबत सौरऊर्जा लागणार.

दादा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे झालं शास्त्र. पंप कुठाय?"

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं. १९,७४४ कोटी रुपये आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. त्यातून मार्च २०२५ मध्ये वाहनांचे पाच चाचणी प्रकल्प मंजूर झाले. अख्ख्या देशात मिळून ३७ बस-ट्रक आणि ९ पंप. मार्गांमध्ये पुणे-मुंबई आहे. पुण्याच्या खाली आपल्या बाजूला काही नाही. हे खातं सध्या प्रल्हाद जोशींकडे, म्हणजे धारवाडच्या खासदारांकडे, तरीही नाही. आणि भाव? तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या अलीकडच्या निविदांत हरित हायड्रोजन किलोला साधारण तीनशे ते चारशे रुपयांना आला, तोही कारखान्याच्या दारात. साडेतीनशे धरले तर पुण्याच्या फेरीला दहा हजार. त्यावर दाबायचा, आणायचा आणि पंपाचा खर्च वेगळा. दादाचं मायलेज पावणेचार, म्हणजे नव्वद लिटर डिझेल, आठ हजारांच्या थोडं वर. ट्रकची किंमत तर मी लिहिलीच नाही. चाचणीतल्या गाड्यांना दुकानातला भाव नसतो.

खरं तर हे आकडे पाहून मला थोडं आश्चर्य वाटलं होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा दहा आणि आठ जवळ आहेत. आणखी दहा वर्षांनी काय होईल हे मला सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर पहिला हरित हायड्रोजन ट्रकमध्ये घालूच नये. खतकारखान्यांत जो वायूपासूनचा हायड्रोजन रोज वापरला जातोय त्याच्या जागी तो आधी जावा. तिथे त्याची परत वीज करायची नसते, त्यामुळे निम्मी गळती वाचते.

"दादा," मी म्हणालो, "डिझेलचा घे. आणि २०२२ ला मी चुकीचं सांगितलं. वाचून सांगितलं, मोजून नाही."

दादाने बिल्टी उचलली, चष्मा वर करून सहा, वीस आणि नव्वद या तीन आकड्यांकडे पाहिलं आणि खाली तारीख टाकली. मामांनी टीव्हीचा आवाज परत वाढवला. वहिनी कुंदा घेऊन आल्या. मी बेळगावहून आणलेला तोच पुडा.

ऑगस्टमध्ये ट्रक आला. हार घातलेला फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर पडला आणि पाठोपाठ दादाचा फोन.

"पाच वर्षांचं कर्ज देत होता बँकवाला," तो म्हणाला. "मी चारचं घेतलं. अठ्ठेचाळीस हप्ते. तोवर तुझा हायड्रोजन कागलपर्यंत आला तर फोन कर. त्याच्या आधी नको."